परदेशात एक दिवस खांदेमळणीचा : मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांसाठी

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात फोल्करश्लाख्टडेंकमाल नावाचं एक स्मारक आहे. नाव घेतानाच दम लागतो, चढताना तर विचारू नका. उंची ९१ मीटर. १८१३ साली नेपोलियन या शहराबाहेर लढाई हरला, तिच्या शंभरीला म्हणजे १९१३ मध्ये ते बांधून पूर्ण झालं. पोरीकडे जाऊन आम्हाला पाचवा दिवस होता. स्मारकाच्या पायथ्याशी मिसेसनी बूट काढला, मोज्याला चिकटलेला फोड पाहिला आणि तिथेच बसल्या.

"बाप्पा, आता मी एकबी पायरी चढत नाही. तुमाले चढाचं असन त चढा."

मीही चढलो नाही, पण ते कबूल करायला रात्र उजाडली. चार दिवसांत आम्ही बर्लिन पाहिलं, ड्रेस्डेन पाहिलं, प्राणिसंग्रहालय पाहिलं, आणि त्यातलं काय काय पाहिलं ते मोबाइलमधले फोटो बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला कापूस, तूर आणि थोडी संत्री करणारा माणूस मी. घरी दिवसभर वावरात चालतो. पण मऊ मातीत चपलेवर चालणं वेगळं आणि दगडी फरसबंदीवर बूट घालून चालणं वेगळं. पायाला ते लगेच कळतं, डोक्याला पाच दिवस लागतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचं काय करतो? संध्याकाळी त्याला धुऊन आणतो, खांद्याला लोणी-हळद चोळतो, शेकतो आणि म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी कितीही काम पडलेलं असो, जू चढत नाही. नुसतं गोठ्यात बांधून ठेवलं की विश्रांती झाली, असं कोणी म्हणत नाही. आधी खांदा मळावा लागतो. परदेशात आपण ढोराइतकीही स्वतःची कदर करत नाही. तिकिटाचे पैसे वसूल करायचे असतात ना!

पुढच्या महिनाभरात आम्ही दर आठवड्याला एक दिवस असा पाळला. तो कसा पाळायचा, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं जर्मनीची आहेत, कारण मी तेवढंच पाहिलं. गावाकडून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सगळं आधीच माहीत असतं, असं ते म्हणतात.

गावाहून निघताना

शेतकऱ्याने जायचं तर हरभरा-गहू निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये, आणि मृगाच्या आत परत. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तिकडे सकाळी स्वेटर लागतो.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालतो तो) किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, तो मुलं काढतातच. तुम्ही पाहायचं ते औषधांचं. बीपी-शुगरच्या गोळ्या मुक्कामापेक्षा आठ-दहा दिवसांच्या जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या, तीत कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव हवं. तिथली वेळ बदलते तेव्हा गोळी कोणत्या वेळेला घ्यायची, हेही त्यांनाच विचारून त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी सगळं घरीच. ताजी फळं-भाज्याही सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. घरच्या बागेची संत्री पोरीसाठी न्यायची माझी फार इच्छा होती, ती नागपूरलाच राहिली. ज्वारीचं पीठ, तिखट, पापड, कुरडया, मूगवड्या मात्र बिनधास्त न्या.

आणि बूट. नवे बूट घेऊन थेट विमानात बसू नका. निघण्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी डांबरी रस्त्यावर तेच बूट घालून फिरा. गावातले हसतील, हसू द्या.

दिवस कोणता धरावा

उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. आपल्याकडे पहाटे पाचला उठणारा माणूस तिथे रात्री दीडला टक्क जागा होतो. मग तो अंधारात स्वयंपाकघर चाचपडतो, कुकरचं झाकण पाडतो आणि घर उठवतो. हे मी केलं आहे. शरीराला साधारण तासाला एक दिवस या हिशेबाने वळण लागतं, म्हणजे आपल्याला तीन-चार दिवस. तेवढ्या दिवसांत लांबचा कार्यक्रम ठेवूच नका. दीडला जाग आलीच तर दिवा न लावता पडून राहा, मोबाइल हातात घेऊ नका आणि सकाळी उजाडलं की उन्हात जा. दुपारी डोळे मिटायला लागले तर अर्धा तास झोपा, गजर लावून. तीन तास ताणून दिलीत तर पुन्हा रात्री दीडला कुकर आहेच.

विसाव्याचा दिवस म्हणून जर्मनीत रविवारच धरावा. तिथे रविवारी दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, मॉल, सगळं. आम्हाला पहिल्या रविवारी वाटलं गावात काही अघटित घडलं. बेकरी आणि फुलांचं दुकान काही तास उघडतं, मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप, हॉटेलं चालू असतात, पण बाकी रस्ता पोळ्याच्या दुपारसारखा.

हे लोकांच्या सवयीवर सोडलेलं नाही. रविवार त्यांच्या राज्यघटनेतच आहे. १९१९ च्या जुन्या, वायमार नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यघटनेत एक कलम होतं की रविवार आणि सणाच्या सुट्ट्या कामापासून विसाव्यासाठी आणि मनाच्या उन्नतीसाठी राखून ठेवल्या जातील. १९४९ ची घटना लिहिताना ते कलम तसंच्या तसं आत घेतलं. त्याचं मूळ मात्र फार जुनं. इ.स. ३२१ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने फर्मान काढलं की रविवारी कचेऱ्या आणि शहरातले धंदे बंद राहतील. शेतकऱ्यांना मात्र त्याने मोकळीक दिली, कारण पेरणीला त्यापेक्षा चांगला दिवस कदाचित मिळायचा नाही. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीही आपल्याला सुट्टी मिळाली नाही, सुट्टीतून सूट मिळाली! जावयाने हे वाचून दाखवलं तेव्हा मी बराच वेळ हसत होतो.

आपल्याकडचा रविवारही आयता आलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो १८९० साली मिळाला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून. तो गावात पोहोचला तो शाळेपुरता आणि बँकेपुरता. आमच्याकडे मजुराची सुट्टी बाजाराच्या दिवशी. त्याच दिवशी आठवड्याचा चुकारा, त्याच दिवशी तेल-मीठ.

मे महिन्यात जाणार असाल तर कॅलेंडरही पाहून घ्या, कारण रविवारशिवाय १ मे, येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार अशा सुट्ट्या पडतात, आणि दुकानं तेव्हाही बंद. त्या गुरुवारीच तिथे बापांचा दिवस असतो. चांगले पन्नाशीचे बाप्ये लाकडी हातगाडीत बिअरचं खोकं टाकून ती ओढत रानात जातात. बैलाविना रेंगी (छोटी बैलगाडी) ओढणारे बाप मी तिथेच पाहिले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत

रविवारचा विसावा शनिवारीच घडतो. दूध, दही, ब्रेड, भाजी, फळं शनिवारी भरून ठेवा. बरीच दुकानं रात्री आठपर्यंत उघडी असतात, पण शेवटच्या तासाला आर्वीच्या बाजारासारखी रेटारेटी होते, तेव्हा सकाळीच जाऊन या. पाणी विकत आणू नका, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

जाताना रिकाम्या बाटल्या न्या. प्लॅस्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर आणि पेयांच्या पत्र्याच्या डब्यांवर २५ सेंट अनामत घेतलेली असते, तिला फांड म्हणतात. दुकानातल्या मशीनच्या तोंडात बाटली घातली की ती गिळते आणि शेवटी चिठ्ठी देते, ती गल्ल्यावर दाखवली की पैसे वजा होतात. मिसेसना हे काम इतकं आवडलं की पोरीने बाटल्या त्यांच्यासाठी राखून ठेवायला सुरुवात केली. लोणच्या-मुरंब्याच्या काचेच्या बरण्या मात्र रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्या, त्याही रविवारी नाही. खळ्ळकन आवाज होतो म्हणून.

बोलीची एक गंमत सांगून ठेवतो. मिसेसनी जावयाला सांगितलं, "येताना सांबार आणजा थोडा." जावई कोल्हापूरकडचा. त्याने भारतीय दुकानातून सांबार मसाल्याची दोन पाकिटं आणली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लाइपझिगमध्ये आयझेनबानश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर अरबी, तुर्की, व्हिएतनामी दुकानं आहेत, तिथे हिरवागार सांबार जुडीने मिळाला, भेंडीही मिळाली.

औषधाचं दुकानही रविवारी बंद असतं. पाळीपाळीने एखादं उघडं असतं आणि तिथे अडीच युरो जादा घेतात. अगदी जिवावर बेतलं तर ११२, आणि तेवढं गंभीर नसेल पण डॉक्टर हवा असेल तर ११६११७. हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायला सांगा. पोरं घरी नसताना आपल्याला मोबाइलमध्ये शोधता येत नाही, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

सकाळ

पहिलं काम म्हणजे कोणालाही उठवू नका. पोरगी-जावई आठवडाभर काम करतात, रविवारच त्यांचा असतो. आपण "आज कुठं जायचं?" म्हणून दारात उभे राहिलो की तो गेला. माझं तर मत आहे की पाहुण्याचा विसाव्याचा दिवस हा निम्मा यजमानासाठी असतो.

चहा करून खिडकीशी बसा. मे महिन्यात तिथे सव्वापाचलाच सूर्य उगवतो आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई कसलीच नाही. मग चर्चच्या घंटा ऐकू येतात. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत संगीताचा प्रमुख होता, त्याची समाधीही तिथेच आहे. पोरगी म्हणाली जाऊ या. मी म्हटलं, आज नाही, बुधवारी. विसाव्याच्या दिवशी तोंडात नाव घोळवलं आणि बुधवारी शांतपणे जाऊन बसलो.

आता पायांची खांदेमळणी. बादलीत सोसेल इतकं कोमट पाणी, मूठभर मीठ, पंधरा मिनिटं. शुगर असेल तर पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्या, कारण आपल्या पायाला चटका कळत नसतो, आणि पंधराची पाचच मिनिटं करा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. पिंढऱ्यांना तिळाचं तेल खालून वर चोळा. फोड आला असेल तर फोडू नका, त्यावर पट्टी लावा आणि दिवसभर मोकळी चप्पल घाला. विमानाने आलेल्या पायांची सूज दोन-तीन दिवसांत उतरली पाहिजे. एकाच पायाला सूज असेल आणि पिंढरी दुखत असेल, तर ते चोळण्याचं काम नाही, डॉक्टरांचं आहे.

कपडे धुवायचं यंत्र लावण्याआधी इमारतीचे नियम विचारा. रूहेत्साइट म्हणजे शांततेची वेळ, रात्री दहा ते सकाळी सहा, आणि रविवारी दिवसभर. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल नाही. वस्तीत रविवारी गवत कापायचं यंत्र चालवायला तर कायद्यानेच बंदी आहे. आपला आवाज मोठा असतो हे मला तिथेच कळलं. वावराच्या या धुऱ्यावरून (बांधावरून) त्या धुऱ्यावर बोलायची सवय. पोरगी बाल्कनीतून म्हणायची, "बाबा, तुमचं गुपित खालच्या मजल्यालाही समजलं."

गंमत म्हणजे हाच रूहेत्साइट शब्द कबरीलाही वापरतात. तिथे कबरीची जागा कायमची मिळत नाही. साधारण वीसेक वर्षांची मुदत असते, मुदत संपली की नूतनीकरण करायचं नाहीतर जागा सोडायची. दुपारच्या वामकुक्षीला आणि कायमच्या झोपेला एकच शब्द, आणि दोन्हीला मुदत.

स्वयंपाक

विसाव्याच्या दिवशी हॉटेल नको. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. पोटाला ओळखीचं मिळालं की डोकंही घरी येतं. पण तिथल्या स्वयंपाकघराच्या तीन-चार गोष्टी आधी शिकून घ्या.

शेगडी बहुधा काचेची, विजेची. आच दिसत नाही. तवा सपाट बुडाचाच लागतो, खोलगट तव्याची भाकर मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. जाळ नसल्यामुळे भाकर शेवटी आगीवर फुगवता येत नाही. त्यावर मिसेसनी शोधून काढलं ते असं : तवा मध्यम आचेवर चांगली पाच-सात मिनिटं तापू द्यायचा, पाणी लावलेली बाजू सुकत आली की उलटायची, आणि दुसऱ्यांदा उलटल्यावर ओल्या फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने दाबत जायचं. वाफ मधे जमते आणि फुगते. पाचातल्या तीन फुगल्या. "दोन जर्मन झाल्या," त्या म्हणाल्या.

आणि ठेचा. हिरव्या मिरच्या तेलात टाकण्याआधी खिडकी उघडा, धुराचा पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार लावा. हा क्रम चुकवू नका. जर्मनीत घराघरात छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. आम्ही पहिल्या रविवारी दार उघडं ठेवून मिरच्या परतल्या. एक-दीड मिनिटात मला ठसका, पोरीला ठसका, आणि मग पॅसेजमधलं ते पांढरं तबकडीसारखं यंत्र असं किंचाळायला लागलं की मला वाटलं आता बंबच येतो. अख्ख्या इमारतीत तेवढाच आवाज, तोही रविवारी दुपारी साडेबाराला. जावई स्टुलावर चढून ते काढतोय, मी टॉवेलने हवा घालतोय, आणि दारात खालच्या मजल्यावरची आजी उभी. रागावली नव्हती, घाबरली होती. पुढच्या शनिवारी मिसेस तिला तळलेल्या कुरडयांची ताटली देऊन आल्या. भाषा दोघींनाही येत नव्हती. वरती येताना मिसेसच्या हातात केकचे तीन तुकडे होते.

दुपारी फिरायला, पण पाहायला नाही

जेवून अर्धा तास पडा आणि तीन-साडेतीनला बाहेर पडा. रविवारी दुपारी निवांत चालत फिरणं ही जर्मनांची जुनी रीत आहे. म्हातारे, तरणे, लेकरं, कुत्रे, सगळे निघतात. मग चारच्या सुमारास कॉफी आणि केक. त्या फिरण्याला कुठे पोहोचायचं नसतं. आपल्याला हे जमायला दोन रविवार लागतात. आधी आपण सारखं विचारतो, "अजून किती दूर आहे?"

लाइपझिगच्या मधोमध नदीकाठचं मोठं जंगल आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे जमिनीवर रानलसणाचे पांढऱ्या फुलांचे ताटवे असतात आणि सगळ्या जंगलाला लसणाच्या फोडणीचा वास येतो. मिसेस थांबून म्हणाल्या, "कोनाच्या घरी भाजी करून रायले?" पान खुडून आणू नका मात्र. त्याच्यासारखीच दिसणारी विषारी पानं शेजारी उगवतात आणि आपल्याला फरक ओळखता येत नाही.

माझी सांगण्यासारखी जागा मात्र दुसरी आहे. शहराच्या कडेला, रुळांच्या बाजूने, छोट्या छोट्या बागांच्या रांगा दिसल्या. प्रत्येकीला कुंपण, आत एक लाकडी खोली, सफरचंदाचं झाड, वाफे. त्यांना क्लाइनगार्टन म्हणतात, श्रेबरगार्टनही म्हणतात. श्रेबर हा लाइपझिगचा डॉक्टर. त्याच्या मृत्यूनंतर १८६४ साली इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाने त्याचं नाव देऊन संस्था काढली, शहरातल्या पोरांना खेळायला मैदान हवं म्हणून. पुढे मैदानाच्या कडेला पोरांसाठी वाफे केले. पोरं कंटाळली, आई-बाप खुरपू लागले, आणि त्या वाफ्यांच्या बागा झाल्या. आता देशभरात अशा नऊ लाखांच्या आसपास बागा आहेत. १९८३ चा कायदा आहे : बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नको, खोली २४ चौरस मीटरच्या आत, तिथे कायम राहायचं नाही, जमीन भाड्याची. आणि साधारण तिसरा हिस्सा भाजी-फळांना दिलाच पाहिजे.

४०० चौरस मीटर म्हणजे चार गुंठे. मी मनात मोजलं आणि थांबलो. आमच्याकडे एवढी जागा धुऱ्यात जाते.

एका कुंपणाशी म्हातारा बसला होता. आत पाहायचं असेल तर कुंपणावर वाकू नका, फोटो काढू नका. आधी "गुटन टाग" म्हणा आणि थांबा. त्याला वाटलं तर तो बोलेल. याला वाटलं. पोरीने सांगितलं की बाबा शेतकरी आहेत, तर त्याने फाटक उघडलं. आलूचे सऱ्यांवर आलेले कोंब दाखवले, कांदे दाखवले, पावसाचं पाणी साठवायची टाकी दाखवली. मी विचारलं पाऊस किती? वर्षाला ५००-६०० मिलिमीटर. आमच्या जिल्ह्यात त्याच्या दीडपट-दुप्पट पडतो आणि तरी आम्ही आभाळाकडे पाहतो, कारण आमचा सगळा चार महिन्यांत येतो आणि त्यांचा बारा महिने थोडा थोडा.

खोलीच्या भिंतीशी टोमॅटोची रोपं कुंड्यांमध्ये उभी होती, हातभर वाढलेली. अजून जमिनीत का नाही लावली? तो म्हणाला, आइसहायलिगे संपायचे होते. ११ ते १५ मे या दिवसांना बर्फाचे संत म्हणतात. शेवटची ती 'थंड सोफी', १५ तारखेला. ती गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढायचं नाही, रात्री कडाका पडून जळतं. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे मृग असतो, ७ जूनच्या सुमारास. नक्षत्राला वाहनही असतं. कोल्हा, बेडूक, हत्ती. बेडूक आला की पाऊस चांगला. पोरीला हे जर्मनमध्ये सांगताना घाम फुटला, पण म्हाताऱ्याने "बेडूक" ऐकून मांडीवर थाप मारली.

मग मी विचारलं, सोफी तर गेली, मग आज का लावत नाही? जमीन पाहा, वाफसा आहे. मी चिमूटभर माती उचलून दाबून दाखवली.

तो म्हणाला, "आज रविवार."

एवढंच. कायद्याने हाताने रोप लावायला बंदी नाही. तो लावत नव्हता, बस. खुर्ची टाकून, शेजारच्या टेबलावर कॉफी ठेवून, तो आपल्या चार गुंठ्यांकडे पाहत बसला होता. साठी उलटत आली माझी, पण स्वतःच्या वावरात नुसता बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आपण वावरात बसतो ते जागलीला, रात्री, माचाणावर, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) येतील म्हणून. दिवसा बसलो तर लोक विचारतात.

त्याने आणखी दोन खुर्च्या काढल्या. आम्ही अर्धा-पाऊण तास बसलो. फारसं बोललो नाही.

संध्याकाळी वही

बाहेरून आल्यावर लगेच टीव्ही-मोबाइल नको. गावाकडे फोन करायचाच असेल तर तिथल्या चारला करा, आपल्याकडे साडेसात वाजलेले असतात, सगळे जेवणाआधी घरात भेटतात. एकदाच करा. मी दिवसातून सहा वेळा सालदाराला विचारायचो, नांगरटी झाली का, पाणी सोडलं का. त्याने एक दिवस सरळ सांगितलं, "मालक, तुमी तिकडे हायसान की इकडे?"

मग वही. दुकानदाराच्या वहीसारखे दोन रकाने पाडा. डावीकडे आज काय पाहिलं, उजवीकडे त्यावरून घरचं काय आठवलं. 'सुंदर', 'स्वच्छ', 'शिस्त' हे शब्द वापरायचे नाहीत, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. 'शिस्त' लिहिलं की पुढचं काही दिसत नाही. त्याऐवजी काय पाहिलं तेवढंच लिहा : कबरीला पाणी घालायला झाऱ्या खुंटीला टांगलेल्या, बाटली गिळणारं यंत्र, म्हाताऱ्याची खुर्ची. 'आपल्याकडे असं कुठं' हे वाक्यही नको. ते गावी परतल्यावर पारावर बोलायला राखून ठेवा, तिथे त्याला श्रोते आहेत. उलटं, 'आपल्याकडे सगळं किती माणुसकीचं' हेही नको. खालच्या मजल्यावरच्या आजीने केक दिला होता.

शेवटी दुसऱ्या दिवसाची तयारी : ट्रामचं तिकीट, छत्री, सुका मोजा, गोळ्यांची डबी. सोमवारी पुन्हा जू चढायचं असतं. आम्ही त्या सोमवारी स्मारकावर गेलो. मिसेस माझ्याआधी वर पोहोचल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परतलो. मृग लागला, पाऊस काही आला नाही. एक दिवस दुपार कलल्यावर मी घरातली प्लॅस्टिकची खुर्ची खांद्यावर टाकून वावरात नेली, बाभळीच्या सावलीत ठेवली आणि बसलो. दहा मिनिटं झाली असतील. शेजारचा धुऱ्यावरून धावत आला.

"काहून जी? चक्कर-बिक्कर आली काय? पाणी आनू?"